धातू बाहेर ठेवणारं पीक आणि पोटात कोंडणारं पीक

इंदुरात कान्ह नदीकाठच्या, सांडपाण्यावर पिकणाऱ्या भाजीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'जमिनीत विष असतं तर पालक एवढा हिरवागार आला असता का?' रामबागेतल्या काकूही हेच म्हणतात, मंडीतला भाजीवालाही. यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पीक तरारलं, म्हणजे धातू त्यात शिरलाच नाही. पण शिसं, कॅडमियम यांसारख्या विषारी जड धातूंना तोंड देण्याचे वनस्पतींकडे दोन निराळे मार्ग आहेत आणि दोन्हींत पीक बाहेरून सारखंच टवटवीत दिसतं.

पहिला मार्ग अडवण्याचा. मुळं मातीत सायट्रिक, मॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात आणि ती काही धातूंना बाहेरच बांधून ठेवतात. त्यातून जे निसटतं त्यातलं बरंच मुळाच्या पेशीभित्तिकांना चिकटून राहतं. शिशाचं बहुधा असंच होतं. मातीतला फॉस्फेट आणि सेंद्रिय अंश त्याला धरतात, मुळात शिरलेलं शिसंही सहसा वर चढत नाही. म्हणून रस्त्याकडेच्या पालेभाजीवरचं शिसं पुष्कळदा बाहेरून बसलेली धूळ आणि माती असते. भाजी नीट धुतली तर त्यातलं बरंचसं जातं.

कॅडमियमला मात्र धुण्याचा उपयोग नाही, कारण तिथे दुसरा मार्ग चालतो. जस्त, लोह, मँगनीज आत घेण्यासाठी मुळांवर जी वाहक प्रथिनं असतात, त्यांना कॅडमियम नीटसं वेगळं ओळखता येत नाही. भातात तर ते मुख्यतः मँगनीजच्याच वाटेने घुसतं. आत मोकळं फिरलं तर ते विकरांमधल्या (पेशीतली कामं घडवून आणणाऱ्या प्रथिनांमधल्या) गंधकाच्या गटांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतं. त्यावर वनस्पती पेशीतल्या ग्लुटाथायोन या छोट्या रेणूपासून फायटोकेलेटिन नावाच्या गंधकयुक्त छोट्या साखळ्या तयार करते, त्यांत कॅडमियम गुंडाळते आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून टाकते. पीक वाचतं. कॅडमियम कुठेच जात नाही. ते मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होत नाही. पान आपण खाल्लं की त्यातलं थोडं शरीरात शोषलं जातं आणि मूत्रपिंडात दशकानुदशकं साठून राहतं. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात लोक असा तांदूळ वर्षानुवर्षं खात होते. त्यातून झालेल्या इताई-इताई या हाडं ठिसूळ करणाऱ्या आजाराला तिथल्या सरकारने 1968 मध्ये प्रदूषणजन्य म्हणून मान्यता दिली.

इथवर वाटेल की अडवणारं पीक चांगलं आणि कोंडणारं वाईट. तसं नाही. कोंडलं कुठे, यावर सगळं अवलंबून आहे आणि त्यासाठी आपल्या माळव्याच्या कठिया (ड्युरम) गव्हाइतकं चांगलं उदाहरण नाही. दाणा कठीण, बाफल्यांना (इथल्या बाटीसारख्या गोळ्यांना) उत्तम. पण साध्या गव्हाच्या तुलनेत कठियाच्या बहुतेक वाणांची दाण्यात कॅडमियम पाठवण्याची जात्याच प्रवृत्ती आहे. कारण एका जनुकात सापडलं. एचएमए3 हे जनुक मुळाच्या पेशीत एक पंप तयार करतं आणि तो कॅडमियम मुळातल्याच रिक्तिकेत ढकलतो. बऱ्याच कठिया वाणांत हा पंप निकामी असतो, म्हणून कॅडमियम मुळातून वर पाणी नेणाऱ्या जलवाहिनीत सुटतं आणि शेवटी ओंबीपर्यंत पोहोचतं. कॅनडाने 2004 च्या सुमारास आणलेला स्ट्राँगफील्ड हा कठिया वाण कमी कॅडमियमचा आहे. त्यातही धातू मुळात शिरतो, फक्त वर कमी चढतो. म्हणजे मार्ग दुसराच, कोंडण्याचा; पण खाणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम पहिल्या मार्गासारखा.

याचा अर्थ घरातला कठिया टाकून द्या असा मुळीच नाही. मातीत कॅडमियम नसेल तर पंप असला काय, नसला काय! शिवाय माळव्याची काळी माती चिकण आणि बहुतांशी अल्कधर्मी, ती कॅडमियमला घट्ट धरून ठेवते. मात्र हे श्रेय मातीचं, पिकाचं नव्हे. त्याच पिकाला आम्लधर्मी रेताड जमिनीत लावलं तर आकडे बदलतील. मातीत जस्त कमी असेल तरीही कॅडमियम जास्त उचललं जातं; जस्ताची उणीव भरून काढली तर बहुधा दाण्यातलं प्रमाण उतरतं.

रान पाहून हा फरक कळत नाही, कारण पान दोन्हींकडे हिरवंच. मूळ, खोड, पान आणि दाणा वेगवेगळे तपासावे लागतात. नुसता मातीचा अहवालही पुरा पडत नाही, कारण तो जमिनीत काय आहे ते सांगतो, ताटात काय येणार ते नाही. जो भाग खायचा तोच प्रयोगशाळेत द्यावा. गव्हासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) कमाल मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम कॅडमियम अशी आहे. आणि सांडपाण्यावरच्या रानात काही लावायचंच असेल, तर पालक-मेथीपेक्षा दुधी, गिलकी किंवा वालाच्या शेंगा बऱ्या. फळात आणि शेंगेत पानापेक्षा कॅडमियम सहसा कमी उतरतं.