अमेरिकन विद्यापीठाच्या वेटलिस्टवर नाव असलेल्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी

मार्चअखेरीपर्यंत अमेरिकन विद्यापीठांचे पदवी प्रवेशाचे बहुतेक निर्णय येतात आणि आमच्याकडे मार्गदर्शन घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या पोर्टलवर दरवर्षी होकारही नाही आणि नकारही नाही, तर प्रतीक्षा यादीत नाव ठेवल्याचा संदेश दिसतो. तो घेऊन कार्यालयात येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "कितवा नंबर आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे, कारण रेल्वेचे वेटिंग असो की इथल्या कॅप फेऱ्यांची गुणवत्ता यादी, आपल्याकडे प्रत्येक यादीत क्रमांक असतो आणि पुढची नावे गळाली की आपण वर सरकतो. तिकडच्या बहुतेक वेटलिस्टना असा क्रमांकच नसतो. हे एकदा नीट ध्यानात आले की पुढच्या दोन-तीन महिन्यांतले बरेचसे निर्णय सोपे होतात.

एकाच विद्यार्थ्याला चार-पाच ठिकाणी प्रवेश मिळतो आणि तो जातो एकाच ठिकाणी, त्यामुळे होकार कळवलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती जण येणार याचा विद्यापीठाला केवळ अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज चुकून जागा उरल्या, तर त्या भरण्यासाठी ही यादी असते. विद्यार्थ्यांनी आपला निर्णय कळवण्याची रूढ तारीख १ मे आहे, त्यामुळे खरे चित्र बहुधा त्यानंतरच स्पष्ट होते. तेव्हाही यादीतला "पहिला" विद्यार्थी उचलला जात नाही, तर कोणत्या विभागात जागा आहे, कोणत्या भागातले विद्यार्थी कमी पडले आहेत, वसतिगृहात किती खोल्या आहेत, हे पाहून नावे निवडली जातात. अनेक विद्यापीठे दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचे माहितीपत्र प्रसिद्ध करतात. त्याच्या 'सी' विभागात किती जणांना यादीत ठेवले, किती जणांनी ते मान्य केले आणि शेवटी किती जणांना घेतले, हे आकडे असतात. आपल्या विद्यापीठाचे मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे अवश्य पाहावेत. ते वर्षागणिक बरेच बदलतात, त्यामुळे एकाच वर्षाच्या आकड्यावर आशाही बांधू नये आणि आशा सोडूही नये. कोविडच्या २०२० साली अनेक विद्यापीठांनी निर्णयाची तारीख १ जूनपर्यंत पुढे नेली होती आणि यादीतून नेहमीपेक्षा बरेच जास्त विद्यार्थी घेतले होते.

म्हणून आमचा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, यादीत राहायचे असेल तर तसे पोर्टलवर मुदतीत कळवावे आणि त्याच वेळी जिथे प्रवेश मिळाला आहे अशा एका विद्यापीठात अनामत भरून जागा पक्की करावी. ही रक्कम सहसा काहीशे डॉलर असते आणि पुढे वेटलिस्टमधून बोलावणे आल्यास ती परत मिळत नाही. तरीही ती भरावी. एका ठिकाणी जागा पक्की करून दुसऱ्याच्या प्रतीक्षा यादीत राहणे नियमाला धरून आहे. दोन विद्यापीठांत अनामत भरून दोन्ही जागा अडवून ठेवणे मात्र गैर आहे आणि ते उघडकीस आल्यास दोन्ही प्रवेश जाऊ शकतात. १ मे हा महाराष्ट्र दिन असून त्या दिवशी राज्यातल्या बँका बंद असतात, त्यामुळे परदेशी पैसे पाठवण्याचे काम २५ एप्रिलच्या आतच उरकून घ्यावे.

यानंतर, ज्याच्या वेटलिस्टवर नाव आहे ते विद्यापीठ स्वीकारत असेल तर, विद्यार्थ्याने स्वतः त्याच्या प्रवेश कार्यालयाला एक पानाचे पत्र लिहावे. आमच्या एका विद्यार्थिनीच्या पहिल्या खर्ड्यात "लहानपणापासूनचे माझे स्वप्न" या अर्थाची चार वाक्ये होती. ती आम्ही खोडायला सांगितली. अर्ज केला तेव्हा तिच्या आजोळच्या गावातल्या सतरा विहिरींची पाणीपातळी मोजण्याचे काम अर्धे झाले होते आणि ते एप्रिलमध्ये पूर्ण झाले. पत्रात तेवढेच राहिले, सोबत विहिरींचा तक्ता आणि त्या विद्यापीठातल्या कोणत्या विषयासाठी हे काम पुढे न्यायचे आहे याची दोन वाक्ये. पत्रात अर्जानंतरचे नवे काही असावे आणि प्रवेश दिल्यास नक्की येणार असू, तरच तसे लिहावे. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, म्हणून त्यासाठी पत्र अडवून ठेवू नये. गुण नंतर शाळेमार्फत कळवता येतात.

आमदार-खासदारांची शिफारसपत्रे पाठवू नयेत, प्रवेश कार्यालयाला रोज फोन करू नये आणि पालकांनी मुलाच्या नावाने ईमेल लिहू नये. "वेटलिस्टमधून प्रवेश मिळवून देतो" असे सांगून पैसे मागणारा कोणीही फसवणूक करत आहे असे समजावे. आम्ही वेटलिस्टच्या कामासाठी वेगळे शुल्क घेत नाही आणि निकालाची हमी देत नाही, कारण ती कोणालाच देता येत नाही.

पैशांचा विचारही आधीच व्हावा. शिष्यवृत्तीचा निधी मेपर्यंत बहुतांशी वाटून झालेला असतो. एरवी प्रवेश देताना आर्थिक स्थिती न पाहणारी काही विद्यापीठेही वेटलिस्टच्या वेळी ती पाहतात. शिष्यवृत्तीशिवाय जाणे शक्य आहे का, याचे उत्तर घरात एप्रिलमध्येच ठरलेले असावे. व्हिसाची तयारीही थांबवू नये. पक्क्या केलेल्या विद्यापीठाचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते तो दाखला) मागवावा आणि सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी प्रणालीचे, ३५० डॉलर शुल्क भरावे. पुढे विद्यापीठ बदलल्यास हे शुल्क नव्या आय-२० कडे वळवून घेता येते. २०२५ मध्ये मेअखेरीपासून काही आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या तारखा देणे थांबले होते. ज्यांनी तारीख आधीच घेतली होती त्यांना तेव्हा तुलनेने कमी झळ बसली.

बोलावणे आले तर उत्तराला कधी तीन दिवस मिळतात, तर कधी एकच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्यामुळे मे ते जुलै या काळात रोज सकाळी पोर्टल, ईमेल आणि स्पॅमचा कप्पा विद्यार्थ्याने स्वतः पाहावा. होकार द्यायचा ठरल्यास आधीच्या विद्यापीठाला त्याच दिवशी नम्रपणे कळवावे, म्हणजे तिथली जागा त्यांच्या यादीतल्या दुसऱ्या कोणाला तरी मिळू शकेल. या तीन महिन्यांत आमचे कार्यालय सकाळी आठ वाजता उघडते. असा ईमेल आलेल्यांनी वेळ न ठरवता थेट यावे आणि येताना आय-२० ची प्रत व अनामत भरल्याची पावती सोबत आणावी.