हॅकी सॅक: खेळ सगळ्यांचा, नाव कंपनीचे

चेंडू किंवा पिसांचा झुबका पायाने उडवत हवेत ठेवण्याचे खेळ चीन आणि आग्नेय आशियात शतकानुशतके खेळले जातात. हॅकी सॅकचा जन्म मात्र अगदी अलीकडचा, १९७२ सालचा, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या एका तरुणाला त्याच्या मित्राने घरी शिवलेली, आत भरण असलेली छोटी पिशवी पायाने उडवायला शिकवले, तिथून हे सुरू झाले. तो मित्र १९७५ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. दुसऱ्याने काम पुढे नेले आणि १९७९ मध्ये पिशवीच्या रचनेचे पेटंट मिळवले.

खरा पेच १९८३ मध्ये पडला. फेकून खेळायच्या तबकड्या (फ्रिस्बी) विकणाऱ्या एका मोठ्या खेळणी कंपनीला हक्क विकले गेले. पिशव्या दुकानोदुकानी पोचल्या, शाळा-कॉलेजांत घोळके करून मुले खेळू लागली. हे यश नाकारता येत नाही. पण ‘हॅकी सॅक’ हा कंपनीचा ट्रेडमार्क झाल्याने संघटनांना, स्पर्धांना आणि इतर उत्पादकांना ‘फूटबॅग’ या नावावर भागवावे लागले. लोकांच्या तोंडी असलेले एकमेव नाव खेळाडूंनाच वापरता येईना. या व्यवहाराकडे निव्वळ विक्रीची यशोगाथा म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. प्रसिद्धी खेळण्याला मिळाली, खेळ मागे राहिला.

तरीही खेळ वाढला, तो खेळाडूंच्या हट्टावर. बॅडमिंटनएवढ्या कोर्टावर पाच फूट उंच जाळीवरून खेळायचा प्रकार रुजला. पिशवी न पाडता सलग किती वेळा उडवता येते, याचे विक्रम झाले; १९९७ मध्ये एका खेळाडूने जवळपास नऊ तासांत ६३,३२६चा आकडा गाठला.

सर्वांत मोठी झेप फ्रीस्टाइलची, म्हणजे पिशवीने कसरती करून दाखवण्याच्या प्रकाराची. आत सैलसर भरण असल्याने पिशवी उसळत नाही, पायावर अलगद विसावते. ती हवेत असतानाच पाय तिच्याभोवती फिरवायचा आणि मग पावलाच्या आतल्या बाजूवर, दुसऱ्या पायाच्या मागून झेलायची. अवघडपणात पडणाऱ्या अशा प्रत्येक भरीमागे एक ‘ॲड’, म्हणजे काठिण्याचा एक गुण, मोजला जातो. त्यासाठी चामड्याच्या दोन तुकड्यांची जुनी पिशवी पुरेना; मऊ कृत्रिम स्वेडचे बत्तीस तुकडे हाताने शिवलेल्या पिशव्या आल्या. फ्रीस्टाइलचे अव्वल खेळाडू आता अमेरिकेइतकेच फिनलंड, चेक प्रजासत्ताक आणि पोलंडमधून येतात.