शिट्टी मारून फोन फसवणारी पोरं

परवा नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला चहा घेताना भाचा म्हणाला, मामा, हॅकिंग करून एका साइटमधला बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधून दिला त्याचे पैसे आले, तर बाजूचे एक काका चमकून बघायलाच लागले, कारण आपल्याकडे हॅकर म्हटलं की ओटीपी विचारून खातं साफ करणाराच आठवतो. मुळात ह्या शब्दात चोरी नव्हतीच हो.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मॉडेल रेल्वेवाल्या पोरांचा क्लब होता, रूळ-सिग्नलच्या वायरिंगमध्ये कुणी भारी डोकं लावलं की ते त्याला हॅक म्हणायचे. मग ह्यातलीच काही पोरं कॉम्प्युटरला चिकटली. १९६२ मध्ये तिथे स्पेसवॉर गेम बनला, तो ज्याला हवा त्याने कॉपी करून न्यायचा.

मला सगळ्यात आवडतो तो फोनचा किस्सा. तेव्हा अमेरिकेत ट्रंक लाइन, म्हणजे दोन एक्स्चेंजना जोडणारी लाइन, मोकळी आहे हे एक्स्चेंजला २६०० हर्ट्झच्या सुरावरून कळायचं आणि हा सूर बोलण्याच्याच लाइनवरून जायचा, मग कुणी तोंडाने तोच सूर काढला तरी एक्स्चेंजला वाटणार लाइन सुटली! जो एन्ग्रेसिया ह्या जन्मांध मुलाला हे सातव्या वर्षीच सापडलं, नुसत्या शिट्टीवर. बोलणं आणि हुकूम एकाच वाटेने गेले की यंत्र असं फसतं. आजही नाव लिहायच्या चौकटीत कुणी डेटाबेसला, म्हणजे साइटच्या माहितीच्या साठ्याला, द्यायची कमांड लिहितो आणि ढिसाळ साइट ती मुकाट्याने पाळते, भाच्याला सापडलेला बग ह्याच प्रकारातला.

बदललं ते परवानगीचं. १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम, सोडला, तो एकाच मशीनमध्ये पुन्हा पुन्हा शिरत राहिला आणि हजारो कॉम्प्युटर ठप्प झाले. त्याला १०,०५० डॉलर दंड आणि ४०० तास समाजसेवा! आपल्याकडे २००० मध्ये आयटी कायदा आला, मालकाला न विचारता सिस्टीममध्ये शिरणं त्यात बेकायदा ठरतं. पण त्याआधीच, १९९५ मध्ये, नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमधले बग शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायला सुरुवात केली होती, हे मला फार शहाणपणाचं वाटतं, पोरांचं कुतूहल मारलं नाही, त्याला दार उघडून दिलं.

भाचा पण कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे आधी नीट वाचून घेतो. मी विचारलं, पैसे नसते तर शोधला असतास? म्हणाला, मामा, सापडला तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते, पैशाचं लक्षातच नव्हतं.