पाच सेकंदांत दिसणारा पट

ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा होती. आठवीतली माझी भाची अठरा चालींत हरली. "मामा, समोरच्या मुलीने माझ्या वहीतली चाल खेळलीच नाही!" एवढंच ती परत परत म्हणत होती. तलावपाळीच्या कट्ट्यावर छोटा चुंबकी पट उघडून आम्ही डाव पुन्हा मांडला.

भाची काळ्याकडून फ्रेंच डिफेन्स या ठरावीक सुरुवातीने खेळते. पांढऱ्याने प्यादं ई५ या घरापर्यंत रेटलं, उंट डी३ वर आणला. हिने किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या शेजारी नेला. लगेच उंटाने एच७ चं प्यादं मारून शह दिला. राजाने उंट घेतला. घोडा जी५ वर, पुन्हा शह. मागून वजीर एच५ वर. उंटाचा हा बळी ग्रेको या इटालियन खेळाडूच्या १७व्या शतकातल्या हस्तलिखितांतही सापडतो.

ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, पाठ केली की झालं, असं पालकांना वाटतं. पण दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोन-दोन चालीच १,९७,२८१ प्रकारे खेळता येतात.

मग एवढं पाठ करणं शक्य नसताना मास्टरला, म्हणजे कसलेल्या खेळाडूला, जमतं कसं? विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये खऱ्या डावातला पट खेळाडूंना पाच सेकंद दाखवला. चोवीसेक सोंगट्यांपैकी मास्टरने सोळाएक आठवून बरोबर मांडल्या, नवख्याने चारेक. मग सोंगट्या वाटेल तशा विखुरून ठेवल्या, तर मास्टरही नवख्याच्याच पंगतीत! त्याची स्मरणशक्ती अफाट नसते. एका वेळी मनात मावतात त्या गोष्टी त्याच्याही मोजक्याच, पण त्याची एकेक गोष्ट मोठी असते. किल्लेकोटातला राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी आणि एफ६ वरचा घोडा या नवख्याला सहा सोंगट्या. मास्टरला एकच आकृती. त्या आकृतीतून घोडा गायब असेल आणि ई५ वरचं प्यादं त्याला परत येऊ देत नसेल, तर एच७ ला राजाशिवाय वाली नाही, हे त्याला आधी दिसतं. राजा जी६ वर पळाला तर काय, हा हिशेब नंतर. अशा हजारो आकृत्या डाव खेळून, हरून, पुन्हा मांडून साठतात.

म्हणूनच मेंदू 'जागा' करून झटपट शक्ती देण्याचा दावा करत मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्या 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'च्या शिबिरांचा मला संताप येतो. नाकाशेजारच्या फटीतून दिसतं, त्याला अतींद्रिय शक्ती म्हणून पैसे उकळले जातात.

आम्ही सोंगट्या किल्लेकोटाआधीच्या जागी नेल्या. भाची बराच वेळ रिकाम्या एफ६ कडे बघत राहिली.

"मामा, मग राजाला इतक्यात तिकडे न्यायचंच कशाला?"