'म्हणून' तीन याद्यांत कसा?

शाळेत उभयान्वयी अव्यये पाठ करताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. 'म्हणून' परिणामबोधकात आहे, उद्देशबोधकात आहे आणि स्वरूपबोधकातही आहे. मुले तिन्ही याद्या घोकतात, पण एकच शब्द तिन्हीकडे कसा हे कोणी विचारत नाही. मार्गदर्शक पुस्तके तर 'वाक्य पाहून ठरवा' म्हणून मोकळी होतात.

उत्तर शब्दाच्या घडणीतच आहे. 'करून', 'जाऊन' तसा 'म्हणून': 'म्हण' धातूला 'ऊन' प्रत्यय. 'येतो म्हणून निघाला' यात बोलणे खरोखर झाले आहे. आता पुढचे क्रियापद बदलत जा. 'येतो म्हणून सांगितले': सांगणे वेगळे आलेच आहे, त्यामुळे 'म्हणून'कडे उरले ते फक्त अवतरण संपल्याची खूण होणे; हा स्वरूपबोधक. 'पास होईन म्हणून वाटले होते': इथे तोंड उघडलेलेच नाही, अवतरण मनातले आहे. 'भिजू नये म्हणून छत्री घेतली': मनातले वाक्यच कृतीचा हेतू झाले; हा उद्देशबोधक. आणि 'पाऊस थांबला म्हणून पूर ओसरला'? पूर काही मनाशी म्हणत नसतो! बोलणारा गेला, विचार करणाराही गेला, राहिला निव्वळ कार्यकारणभाव; हा परिणामबोधक. 'सदू म्हणून एक मुलगा होता' यातले नावही एक छोटेसे अवतरणच.

या प्रवासाला भाषाविज्ञानात व्याकरणीकरण म्हणतात. अर्थ विरळ होतो तसा उच्चारही झिजतो. बोलीत 'म्हून' ऐकू येतो तो त्यामुळेच.

हे एकट्या मराठीचे नाही. कन्नडचा 'एंदु' आणि तेलुगूचा 'अनि' हेही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूंपासून आले. नेपाळीत 'भनेर', सिंहलीत 'कियला', दखनीत (दख्खनच्या उर्दूत) 'बोलके'. कन्नड-तेलुगू द्राविडी कुळातल्या, बाकीच्या मराठीच्याच कुळातल्या. कूळ वेगळे, पण शेजार एक. अशा भूभागाला भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ मध्ये 'भाषिक क्षेत्र' म्हटले. या भाषांत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे अवतरणाची खूणही अवतरणानंतर येते. फारसीतून आलेला 'की' मात्र अवतरणाच्या आधी उभा राहतो.

संस्कृतातला 'इति'ही अवतरणाच्या शेवटी येतो. तो दिसायला याच पंगतीतला, पण जन्माने निराळा. तो 'म्हणणे'वरून आलेला नाही. सर्वनामाच्या मूळ रूपापासून झालेला तो 'असे' आहे, लॅटिनच्या 'इता'चा नातलग. म्हणजे 'असे तो म्हणाला' ही रचना 'इति'च्या वळणाची, तर 'म्हणून'ची रचना द्राविडी वळणाची. मराठीकडे दोन्ही आहेत.

'इति'मुळे संस्कृतात संदिग्धता उरत नाही, त्यामुळे नासाने ती संगणकाची भाषा ठरवली, अशी एक लोणकढी फिरत असते. नासाने असे काही ठरवलेले नाही. रिक ब्रिग्ज या संशोधकाचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरचा १९८५ मधला एक लेख आहे, बाकी सगळे फुगवलेले.

आणि संदिग्धता उरतेच. 'राम उद्या येतो म्हणून सांगून गेला.' रामच सांगून गेला, की राम येणार हे दुसरे कोणी सांगून गेले? शेवटची खूण अवतरण कुठे संपले ते दाखवते, सुरू कुठे झाले ते नाही. 'इति'चीही हीच अडचण. बोलताना आवाजाच्या चढउताराने हे भागते, कागदावर भागत नाही. बोलीत लोक सर्रास 'तो म्हणाला की मी उद्या येतो म्हणून' असे दोन्हीकडून कुंपण घालतात. शुद्धलेखनवाले त्यातला एक शब्द फाजील ठरवून खोडतात. माझ्या मते तो खोडू नये.