ऱ्हिदम हाऊसच्या आधीची पडझड

फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईत काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’ या रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानाला कायमचं कुलूप लागलं, तेव्हा सगळं खापर इंटरनेटवर फुटलं. ते चुकीचं नाही, पण अशा दुकानांची पडझड बरीच जुनी आहे.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या छापून यायच्या त्या थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा हा हेलपाटा संपला. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात ख्याल उरकायचा आणि तोही रंगवायचा, हे त्या पिढीचे गवई कसे जमवत कोण जाणे!

ऱ्हिदम हाऊस १९४८ चं. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली तीही त्याच वर्षी. इथे बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड आधी ऐकायची, मग घ्यायची की नाही ते ठरवायचं. एलपी महाग, महिन्याचा हिशेब बघूनच खिशात हात जायचा. त्यामुळे ऐकणारे पुष्कळ, घेणारे थोडे. तरी दुकान चालायचं, कारण रेकॉर्डची नक्कल घरी करता येत नव्हती.

कॅसेटने नेमकं तेच मोडलं. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने भाव इतके पाडले की कॅसेट पानाच्या गादीवरही मिळू लागली आणि एचएमव्हीची, म्हणजे त्याच ग्रामोफोन कंपनीची, मक्तेदारी ढासळली. गल्लोगल्ली ‘कॅसेट भरून देणारे’ बसले. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत कोरी कॅसेट. दोन दिवसांनी ‘ए’ साइडला लता, ‘बी’ साइडला किशोर. आज आपण ज्याच्या आठवणींनी हळवे होतो, ती सरळसरळ चोरी होती. पण याच कॅसेटमुळे पुण्यात कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाऊससारखं दुकान स्वतः प्रकाशक होऊ शकलं आणि शास्त्रीय गायन निवांत, लांबीने ऐकणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं.

सीडीच्या काळात पैसेवाले उतरले. १९९९ मध्ये व्हीटीसमोर टाइम्सच्या इमारतीत ‘प्लॅनेट एम’ सुरू झालं. झगमगाट मोठा होता, पण फार टिकला नाही. बाहेर फुटपाथवर शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी किरकोळ पैशात मिळत असताना आत एका अल्बमला एवढे पैसे कोण मोजणार? कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचं ‘म्युझिक वर्ल्ड’ २०१३ मध्ये बंद झालं.

ऱ्हिदम हाऊसने रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, डीव्हीडी असा माल बदलत, वर कार्यक्रमांची तिकिटं विकत सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत तग धरला. पुढे ती जागा हिरेव्यापारी नीरव मोदी यांच्या कंपनीने घेतली आणि पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यानंतर ईडीने ती जप्त केली.