मण्यार चावते तेव्हा दुखत नाही

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी येतेच. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पोटात पहाटे दुखू लागलं, उलट्या झाल्या, उजाडल्यावर डोळे उघडेनात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नंतर अंथरुणाखाली मण्यार सापडली. शहरात ही बातमी वाचली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘साप चावल्या चावल्या का नाही नेलं?’ या प्रश्नाचा मला फार त्रास होतो. कारण त्याचं उत्तर आईबापांच्या अडाणीपणात शोधलं जातं आणि ते असतं त्या सापाच्या विषात.

भारतात सर्पदंशाने किती माणसं जातात, याचा देशव्यापी अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. २००५ या एका वर्षासाठी आकडा निघाला सुमारे ४६,०००. त्यातले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि ७७ टक्के दवाखान्याबाहेर झालेले. पुढे २०२० च्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळाची वर्षाची सरासरी ५८,००० धरली गेली. गाव आणि शहर यांच्यात इतकी सरळ रेघ ओढणारं मरणाचं दुसरं कारण मला तरी माहीत नाही.

शहरात साप नसतात असं नाही. पुण्याच्या टेकड्यांवर घोणस आहे, नाग आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फरशीवर, पलंगावरच्या गादीपर्यंत मण्यारीला वाट नसते. गावातल्या घरात अशी वाट असते. धान्याची पोती असतात म्हणून उंदीर असतात, कुडाच्या भिंतीला भेगा असतात, पडवीत लाकूडफाटा रचलेला असतो. मण्यार रात्री भक्ष्य शोधत फिरते. पाली, उंदीर आणि मुख्य म्हणजे दुसरे साप हे तिचं खाणं. जमिनीवर गोधडी टाकून झोपलेला माणूस कूस बदलतो, त्याचा हात तिच्यावर पडतो आणि ती चावते.

एका सर्पमित्राने बरणीतली मण्यार मला दिवसा दाखवली होती. ओल्या डांबरासारखा निळसर काळा रंग, त्यावर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा, बऱ्याचशा जोडीजोडीने. मानेजवळ पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे ठसठशीत. पाठीच्या मधोमध षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक सलग रांग. दिवसा ती इतकी सुस्त की डोकं वेटोळ्यात लपवून पडून होती. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या साप बिनविषारी असतो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडत जातात.

घोणस चावली तर जागा सुजते, आग होते, माणूस ओरडत उठतो. मण्यारीचे दात आखूड आणि बारीक. जखम बहुतेक वेळा दिसतही नाही, सूज नाही, वेदना जवळपास नाही. झोपलेला माणूस डास चावल्यासारखं खाजवतो आणि पुन्हा झोपतो. सगळं घडतं ते आत.

मेंदूने हुकूम सोडला की तो मज्जातंतूतून विजेच्या रूपात स्नायूपर्यंत येतो. पण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये एक सूक्ष्म फट असते. ती ओलांडायला तंतूच्या टोकाशी अगदी लहान पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, त्यांत असिटिलकोलीन नावाचं रसायन असतं. हुकूम आला की टोकात कॅल्शियम शिरतं, पिशव्या फुटतात, रसायन पलीकडच्या स्नायूवरच्या ग्राहकांना, म्हणजे ते पकडणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं आणि स्नायू आखडतो. पापणी उघडणं, घोट गिळणं, श्वास घेणं, सगळं याच फटीवरून चालतं.

नागाच्या विषातले रेणू फटीच्या पलीकडे जातात आणि ग्राहक अडवून बसतात. कुलपात कुणी दुसरीच किल्ली घालून ठेवावी तसं. किल्ली काढता येते. सर्पविषरोधक लस दिली, सोबत असिटिलकोलीन फटीत जास्त वेळ टिकवणारं निओस्टिग्मिन हे औषध दिलं, तर पुष्कळदा माणूस तासाभरात डोळे उघडतो. मण्यारीचं विष फटीच्या अलीकडे, तंतूच्या टोकावरच हल्ला करतं. त्यातलं बीटा-बंगारोटॉक्सिन दोन भागांचं असतं. एक भाग टोकाला पकडतो, दुसरा फॉस्फोलायपेज नावाचं विकर असतो आणि तो टोकाचं स्निग्ध आवरण तोडू लागतो. कॅल्शियम बेलगाम आत घुसतं, पिशव्या भराभर रिकाम्या होतात, नव्या तयार होत नाहीत, आणि शेवटी टोकच कुजून नष्ट होतं. लस रक्तात मोकळं फिरणारं विष धरते, मोडलेलं टोक तिला जोडता येत नाही. टोक पुन्हा फुटावं लागतं, छाटलेल्या फांदीला पालवी फुटावी तसं, आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर रुग्णाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवा.

म्हणूनच ‘इंजेक्शन आहे ना, मग झालं’ हे समाधान अपुरं आहे. लस लवकर मिळायलाच हवी, सुरुवातीला साधारण १० कुप्या, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेलं नसतं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हेंटिलेटर नसतो. तिथून जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दोन तासांचा असेल तर त्या रस्त्यावर श्वास देणारी रबरी पिशवी, अंबू बॅग, हाताने दाबत राहावी लागते, मिनिटाला १० ते १२ वेळा. दोन तासांत बाराशे ते साडेचौदाशे वेळा. शहरात हे अंतर रिक्षाने दहा मिनिटांचं असतं. दोन माणसांच्या जगण्यामरण्यातला फरक कधी कधी एवढाच असतो, आणि त्याचं उत्तर घरच्यांना विचारणं मला क्रूर वाटतं.

मांत्रिकाबद्दल बोलायलाच हवं. त्याच्यावरचा विश्वास टिकतो, कारण त्याच्याकडे आलेले बहुतेक जण खरोखर बरे होतात. आपल्याकडे सापांच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि बहुतेक बिनविषारी. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. कवड्या चावलेला माणूस कडुलिंबाच्या पाल्याने उतरवला काय आणि नुसता बसवून ठेवला काय, सकाळी घरी जातोच. मण्यार चावलेलाही पहिले काही तास ठणठणीत दिसतो, आणि नेमके तेच तास मांत्रिकाच्या ओट्यावर जातात. दोर आवळून बांधणं, चिरा देणं, विष चोखणं यांचाही काडीचा उपयोग नाही. हातपाय न हलवता, निजवून, थेट लस असलेल्या ठिकाणी न्यायचं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, बोबडी वळू लागली, तर चाव्याची खूण सापडो न सापडो, मण्यार गृहीत धरायची. मच्छरदाणी गोधडीखाली चारी बाजूंनी खोचून झोपलं तर हा साप सहसा अंगापर्यंत पोचतच नाही. नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत हेच दिसून आलं आहे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी. या विषाने स्नायू थांबतात, मेंदू नाही. पापणी उचलून टॉर्च मारला तरी बाहुली हलत नाही, चिमटा काढला तरी बोट हलत नाही, आणि रुग्ण गेला असं वाटतं. डोळ्याच्या बाहुलीचे स्नायूसुद्धा लुळे पडलेले असतात, म्हणून मण्यारीच्या रुग्णात नुसत्या बाहुलीवरून मेंदू मृत ठरवू नये, असं डॉक्टरांना शिकवलं जातं. आत तो माणूस जागा असू शकतो. खाटेशेजारी कोण रडतंय, कोण काय बोलतंय, हे त्याला ऐकू येत असतं. त्याच्याशी बोला, त्याला नावाने हाक मारा, बाहेर ऊन आहे की पाऊस, म्हैस व्याली का, हे सांगा.